चाकाचा ऑफसेट

चाक ज्या पृष्ठभागाने हबला टेकते तो पृष्ठभाग आणि रिमच्या रुंदीची मध्यरेषा यांमधील अंतर. हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. टेकणारा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरील बाजूस असल्यास ऑफसेट धन, आतील बाजूस असल्यास ऋण व मध्यरेषेवरच असल्यास शून्य मानतात. व्यास व बोल्टांची छिद्रे जुळली, तरी योग्य ऑफसेटशिवाय चाक त्या वाहनास योग्य ठरत नाही.

ऑफसेट घटल्यास चाक बाहेर सरकते. उदा., +४५ मिमी. ऐवजी +३५ मिमी. ऑफसेटची चाके बसविल्यास प्रत्येक चाक १० मिमी. बाहेर येते व एका आसावरील दोन चाकांमधील अंतर २० मिमी. वाढते. रिमची रुंदीही २५ मिमी. वाढविली, तर तिची बाहेरील कड २२.५ मिमी. बाहेर आणि आतील कड २.५ मिमी. आत जाते. त्यामुळे टायर बाहेर मडगार्डला किंवा आत स्प्रिंगला घासण्याचा संभव असतो. शिवाय भाराची रेषा बाहेर सरकल्याने बाहेरील धारव्यावरील भार वाढून तो लवकर झिजतो, तर खड्ड्यांतील धक्के सुकाणू चक्रावर अधिक जाणवतात. हब व चाक यांमध्ये चकती घातल्यासही ऑफसेट तिच्या जाडीइतका घटतो. तसेच मूळचेच बोल्ट ठेवल्यास नटांना आटे कमी मिळतात.

मालमोटारींच्या मागील आसावर प्रत्येक बाजूस बहुधा जोडचाके असतात. पुढील चाकांचीच रचना येथे वापरून बाहेरचे चाक उलटे बसवितात. म्हणून एकच जादा चाक कोठेही चालते. दोन टायरांमधील फट ऑफसेटवर अवलंबून असते. ती अपुरी असल्यास भाराखाली टायरांच्या बाजू एकमेकींना घासून तापतात. साक्रीवरून (जि. धुळे) कोंडाईबारी घाटाकडे जाणाऱ्या सुरत मार्गावरील जड वाहतुकीत असा टायर फुटणे धोक्याचे ठरते.

शेतीत मात्र हाच गुण उपयोगी पडतो. अनेक ट्रॅक्टरांच्या मागील चाकांची तबकडी उलटी करून किंवा रिम दुसऱ्या बाजूने जोडून चाकांमधील अंतर बदलता येते. खानदेशातील कापसासारख्या ओळींत लावलेल्या पिकात कोळपणी करताना हे अंतर ओळींशी जुळविल्यास रोपे चाकाखाली सापडत नाहीत. चाके अदलाबदल करताना टायरवरील दिशादर्शक बाण पुढील गतीच्या दिशेनेच राहील, हे पाहावे लागते.

ट्रॅक्टरमधील हा बदल उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेतील असतो. रस्त्यावरील वाहनास अशी मोकळीक नसते. म्हणून नवे चाक घेताना जुन्यावर कोरलेला ऑफसेटचा आकडा पाहणे इष्ट होय.