झाडाच्या हातचं शिल्प

झाडाच्या बुंध्यात माणसाचा चेहरा कोरणारे शिल्पकार पुष्कळ आहेत. जुझेप्पे पेनोने यांनी मात्र झाडालाच आपल्या कामात भागीदार करून घेतलं.

१९४७ साली इटलीच्या पिएमाँत प्रांतातल्या गारेस्सिओ या डोंगराळ गावात त्यांचा जन्म झाला. साध्यासुध्या वस्तूंतून कला घडवणाऱ्या ‘आर्ते पोव्हेरा’ चळवळीतले ते सर्वांत तरुण शिलेदार. १९६८ मध्ये त्यांनी स्वतःचा हात धातूत ओतून घेतला आणि गावाजवळच्या रानात एका कोवळ्या झाडाला मुठीत धरल्यासारखा बसवला. पुढचं काम झाडाने केलं. खोड वर्षागणिक जाड होत गेलं, बोटांखाली दबलेलं राहिलं आणि हळूहळू बोटांच्या कडेने फुगून वर आलं.

पुढच्याच वर्षी त्यांनी उलटी वाट धरली. वखारीतली चौकोनी तुळई घ्यायची, तिच्या कापलेल्या तोंडावरचं एक वलय निवडायचं आणि त्याच्या बाहेरचं लाकूड पटाशीने उतरवत जायचं. खोड दरसाल सालीखाली नवा थर चढवतं, त्यामुळे हे थर काढले की आतलं तरुण झाड सापडतं. वाट दाखवतात त्या गाठी. सुतार ज्या गाठींना वैतागतो, त्या म्हणजे जुन्या फांद्यांचे बुडखे. प्रत्येक गाठ राखून भोवतालचं लाकूड काढावं लागतं. घाव चुकला की ती फांदी कायमची गेली. पहिल्या तुळईत त्यांनी बाविसाव्या वर्षातलं झाड शोधलं. तेव्हा त्यांचं स्वतःचं वयही तेच होतं.

डिसेंबर १९९९ च्या वादळात व्हर्सायच्या बागेतला एक प्रचंड सीडर, आपल्या देवदाराचा भाऊबंद, उन्मळून पडला. पेनोने यांनी त्याचा ओंडका पोखरून आतलं किशोरवयीन झाड मोकळं केलं. बाहेर म्हातारं खोड, आत त्याचंच बालपण! हे शिल्प आज टोरांटोच्या ‘आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओ’त आहे.

ऐंशीच्या दशकात त्यांनी ब्राँझच्या मानवाकृती केल्या. हाताच्या दाबाचे ठसे उमटलेल्या, सालीसारख्या पट्ट्यांची ही पोकळ अंगं. त्यांच्यामधून खरीखुरी रोपं वाढतात. ब्राँझ तसंच राहतं, रोप मात्र पानं गाळतं, नवी फुटवतं, आकृतीबाहेर जातं.

झाडाला हातपाय चिकटवले की माणूस आणि झाड एक झाले, असं मला वाटत नाही. दोघांनीही एकमेकांवर खूण ठेवली पाहिजे. पेनोने यांचं मोठेपण या बरोबरीत आहे. आपलं काम संपलं, की झाडाला त्याची वर्षं ते बिनशर्त देतात.