न दिसणारा झोत मोजताना

तिळारीचा कालवा पेडणे, डिचोलीतून वाहतो. त्यात पाणी किती आहे हे काठावरून पाहून सांगता येते. फार तर एखादी काठी बुडवावी लागते. कणवेगवर्धकातला झोत निर्वात नळीतून जातो, डोळ्यांना दिसत नाही आणि जरा सरकला तर नळीच्या भिंतीवर आदळून वाया जातो. (पाठ्यपुस्तकांत प्रकाशाची ‘शलाका’ असते. इथे मी ‘झोत’ म्हणतो. शलाकेत वाहणे जाणवत नाही.)

जवळचे उदाहरण मुंबईचे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेला पेलेट्रॉन १९८८च्या डिसेंबरअखेर सुरू झाला. त्याच्या उभ्या टाकीत वरून ऋणप्रभारित आयन सोडतात. मधले अग्र १४० लाख व्होल्टपर्यंत धन दाबावर ठेवता येते. ते त्यांना खेचून घेते. तेथे कार्बनच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन झडतात, ते धनप्रभारित होतात, आणि तेच अग्र आता त्यांना खाली ढकलते.

हा झोत मोजण्याचे जुने साधन म्हणजे फॅरडे पेला. धातूचा खोलगट पेला वाटेत सरकवायचा आणि त्यात पडणारा प्रभार तारेने मापकाकडे न्यायचा. एक नॅनोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६२४ कोटी एकेरी प्रभार; प्रत्येक आयनावर सहा असतील तर आयन १०४ कोटी. हिशेब शाळकरी आहे, पण पेला फसवतो. आयन आदळले की धातूतून इलेक्ट्रॉन उडतात. ऋण प्रभार बाहेर गेला काय किंवा धन प्रभार आत आला काय, मापकाला दोन्ही सारखेच. आकडा फुगतो, आणि कण जास्त धरल्यामुळे अभ्यासातली अणुकेंद्रीय अभिक्रिया आहे त्याहून दुर्मीळ भासते. प्रयोगाचा निष्कर्षच चुकतो! म्हणून पेल्याच्या तोंडाशी ऋण दाबाचे कडे बसवतात. ते उडालेल्या इलेक्ट्रॉनांना आत परतवते. मला तरी साऱ्या यंत्रात हे साधे कडेच जास्त आवडते.

पेला झोत अडवतो, म्हणून प्रयोगाच्या वेळी तो वाटेतून काढावा लागतो. मग पाळत कशी ठेवायची? अशा यंत्रांत झोत वळवणाऱ्या चुंबकापुढे एक फट असते, तिच्या दोन बाजूंना धातूच्या पट्ट्या. अग्राचा दाब वाढला तर वेगवान कण कमी वळतात आणि बाहेरच्या पट्टीवर जास्त पडतात. घटला तर आतल्या. दोन्ही पट्ट्यांवरच्या प्रवाहांतल्या फरकावरून दाब आपोआप सावरला जातो. कडेने थोडे सांडते, बाकीचा झोत पुढे जातो.

इंदूरच्या इंडस-२ मध्ये तेवढे सांडणेही परवडत नाही. तिथे सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात तेच इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरत असतात. पेला घातला तर झोतच संपेल. म्हणून नळीच्या भिंतीत बटणाएवढ्या धातूच्या चकत्या बसवतात. इलेक्ट्रॉनांचा घोळका जवळून गेला की चकतीत क्षणभर प्रभार हलतो. ज्या चकतीचा संकेत मोठा, तिच्याकडे झोत कललेला.