‘सार्वमत’ म्हणजे कोणाचे मत?

एखाद्या प्रश्नावर प्रतिनिधींनी नव्हे, तर लोकांनी स्वतः मत देऊन केलेला निर्णय म्हणजे सार्वमत. गोव्यातील १९६७ चा जनमत कौल अनेकांना आठवत असेल. आपल्या शब्दात ‘सर्व’ आहेत. इंग्रजीतील ‘प्लेबिसाइट’ मात्र लॅटिनमधून आला: ‘प्लेब्स’ म्हणजे सामान्य जन, ‘स्कीटुम’ म्हणजे ठराव. प्राचीन रोममध्ये सामान्यांच्या सभेत उमरावांना स्थान नव्हते. म्हणून तिचे ठराव आम्हांला लागू नाहीत, असे उमराव म्हणत. इ.स.पूर्व २८७ मध्ये होर्टेन्सियसच्या कायद्याने ते सर्वांवर बंधनकारक झाले.

या शब्दाचा मूळ अर्थ मला ओडिशातील नियमगिरीत दिसतो. डोंगरिया कोंध ज्या डोंगराला देव मानतात, तेथे बॉक्साइटची खाण होणार होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. वृत्तपत्रांनी त्यालाही सार्वमतच म्हटले. राज्य सरकारने फक्त बारा गावे निवडली (डोंगरावर गावे पुष्कळ आहेत!). जिल्हा न्यायाधीशांच्या देखत सभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने खाणीची परवानगी नाकारली.