परतीचा अर्धा तास

15 ऑगस्ट 1971ची मध्यरात्र. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांत बंगाली तरुण गुपचूप पाण्यात उतरले. पायात रबरी फिन, जवळ सुरी आणि अंगाला गमछ्याने बांधलेला सुरुंग, एवढाच त्यांचा सरंजाम. त्या रात्री जहाजामागून जहाज हादरले. चितगावात लष्करी सामान घेऊन आलेली ‘अल-अब्बास’ आणि ‘होर्मुझ’ स्फोटांत सापडली. हेच ते ‘ऑपरेशन जॅकपॉट’.

या तरुणांना भारतीय नौदलाने प्लासीजवळ, भागीरथीच्या पात्रात तयार केले होते. फ्रान्समध्ये पाकिस्तानी पाणबुडी सोडून निघालेले आठ बंगाली नौसैनिकही त्यांच्यात होते. प्राण देण्याची तयारी प्रत्येकाकडून लिहून घेतली होती. या साऱ्या आखणीत मोठा वाटा होता एका मराठी अधिकाऱ्याचा: ‘करंज’ पाणबुडीचे पहिले कप्तान, कमांडर मोहन नारायण राव सामंत.

तयारी मरणाची होती, पण हातातले साधन मात्र माणूस परत यावा अशा बेताने घडवलेले होते. ‘लिंपेट माइन’ हा चुंबकाने जहाजाच्या पोटाला चिकटणारा सुरुंग. पोलाद आणि चुंबक यांत थोडे जरी अंतर राहिले, तरी पकड झपाट्याने ढिली पडते. म्हणून आधी सुरीने शेवाळ आणि शिंपल्यांचा थर खरवडायचा, मग सुरुंग लावायचा. आतल्या स्प्रिंगला एक विरघळणारी गोळी अडवून धरते. पाण्यात ती हळूहळू झिजते, स्प्रिंग सुटते आणि स्फोट होतो. मधला सुमारे अर्धा तास पोहून दूर जाण्यासाठी.

ही युक्ती 1939ची. ब्रिटनमध्ये स्टुअर्ट मॅक्रे आणि सेसिल क्लार्क यांनी पहिला नमुना बनवताना बडीशेपेच्या स्वादाची, मुले चघळतात ती गोळी वापरली आणि ती वेळेआधी भिजू नये म्हणून कंडोममध्ये ठेवली. 1971मध्येही कंडोमच कामी आले.

एवढासा सुरुंग अवाढव्य जहाजाला पुरतो, कारण पाणी त्याला साथ देते. हवेच्या सुमारे आठशेपट घन असलेले पाणी सहज दाबले जात नाही. त्यामुळे स्फोटाचा मोठा जोर पत्र्यावरच येतो. दोन मीटर खोलीवर भोक पडले, तर पाणी सेकंदाला सहा मीटरच्या आसपास वेगाने आत घुसते.

परतीची सोय ठेवणाऱ्या या सुरुंगाच्या अगदी उलट जपानची ‘काइतेन’. टाइप 93 टॉर्पेडोत माणूस बसवून केलेले हे यान नोव्हेंबर 1944मध्ये प्रथम वापरले गेले. त्यात परतीची सोयच नव्हती. उलिथी बंदरात त्याने अमेरिकेचे ‘मिसिसिनेवा’ हे तेलवाहू जहाज बुडवले. पण शंभराहून अधिक चालक गमावून जपानच्या पदरी बुडालेली जहाजे पडली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शिवाय गेलेल्या चालकाबरोबर त्याचा अनुभवही जातो आणि पुढच्या तुकडीला शिकवायला कोणी उरत नाही.

सामंतांनी माणसांची ही किंमत रणातही जपली. 10 डिसेंबर 1971 रोजी खुलन्याजवळ त्यांच्या ताफ्यावर आपल्याच विमानांनी चुकून हल्ला केला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या नौका गेल्या. ‘पनवेल’ या नौकेवर असलेल्या सामंतांनी पाण्यातली माणसे वाचवली आणि मग मोहीम पुढे नेली. त्यांना महावीर चक्र मिळाले.

मुलांना शौर्याच्या गोष्टी सांगताना त्या विरघळणाऱ्या गोळीचीही गोष्ट सांगा. प्राण द्यायला निघालेल्याला परत आणण्यासाठी जे बुद्धी खर्च करते, तेच युद्धातले खरे विज्ञान.