आग लागली तर: जव्हार-मोखाड्यासाठी नोंदी

- जबाबदारी: १९६५ च्या राज्य कायद्यानुसार आग विझवणे हे नगरपरिषद व नगरपंचायतीचे बंधनकारक काम. जव्हारला नगरपरिषद (स्थापना १९१८, संस्थानकाळात), मोखाड्याला नगरपंचायत.
- बंब: पाण्याची टाकी, पंप, होज, शिडी आणि प्रशिक्षित जवान. टाकी बहुधा ४,५०० लिटरची. मिनिटाला ४५० लिटर सोडल्यास १० मिनिटांत रिकामी.
- टँकर: बंबाला पाणी पुरवणारी गाडी. एरवी पाड्यांना पिण्याचे पाणी नेणारा टँकरही अशा वेळी कामी येतो.
- स्वयंसेवक: होमगार्ड (मुंबईत स्थापना १९४६) ही गणवेशधारी स्वयंसेवी संघटना, मदतीला येते, अग्निशमन दल नव्हे.
- पाड्यावर: कारवीच्या कुडाची घरे, शेजारी पेंढा. बंब येईपर्यंत हंडे-बादल्या आणि माणसांची रांग.
- वणवा: हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळा ठेवलेला पट्टा. विझवायला ओल्या डहाळ्या.
- दूरध्वनी: अग्निशमन १०१, एकत्रित आपत्कालीन सेवा ११२, वन विभाग १९२६.
- १४ एप्रिल: अग्निशमन सेवा दिन. १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात मृत्युमुखी पडलेल्या ६६ जवानांचे स्मरण.