बाथरूमची दुरुस्ती : आधी जे दिसत नाही त्यावर खर्च

पाऊस संपून दोन महिने झाले होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आम्हाला घरी बोलावून छत दाखवले. आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली ओलीचा मोठा डाग होता आणि प्लास्टरचे पोपडे सुटले होते. काकू भांडल्या नाहीत, ‘‘एकदा बघा हो,’’ एवढेच म्हणाल्या. आम्हाला त्याचीच जास्त लाज वाटली, कारण वर्षभर आम्ही ‘करू, करू’ म्हणत होतो. त्याच महिन्यात वुजू करताना दादींचा पाय घसरला. अल्लाहच्या कृपेने हाड मोडले नाही, पण आता थांबायचे नाही असे ठरले.

पनवेलमधला आमचा फ्लॅट पंचवीस वर्षांचा. संडास-बाथरूम एकत्र, सहा बाय चार फूट. पहिल्या कंत्राटदाराने १ लाख ७५ हजार सांगितले. आमच्याकडे बाजूला टाकलेले ९० हजार होते आणि व्याजाच्या हप्त्यांवर काम करायचे नाही हे पक्के होते. मग सगळे वही घेऊन बसलो आणि दोन याद्या केल्या : ‘याच्याशिवाय चालणार नाही’ आणि ‘नंतर चालेल’. पहिल्या यादीत सर्वांत वर काकूंच्या छताचे प्लास्टर आणि रंग लिहिले. शेजाऱ्याचा हक्क आधी.

काटकसर कुठे करू नये

वॉटरप्रूफिंग, पाइप आणि उतार या तीन गोष्टी लादीखाली जातात. त्या चुकल्या तर महागडी लादीही पुन्हा फोडावी लागते. जुने गंजलेले लोखंडी पाइप काढून आम्ही सीपीव्हीसीचे घातले. फरशीला नहाणी ट्रॅपकडे पाच फुटांना पाऊण इंच उतार ठेवून घेतला. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, लादी बसवण्याआधी, ट्रॅपचे तोंड बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवले. मिस्तरींना घाई होती, आम्ही मात्र थांबलो. काकू स्वतः सकाळ-संध्याकाळ छत बघून कळवत होत्या. ते दोन दिवस वुजू स्वयंपाकघराच्या मोरीत आणि आंघोळ आत्याकडे.

पैसे कुठे वाचले

कमोड आणि ट्रॅपची जागा बदलली नाही. जागा बदलली की ड्रेनेजचा पाइप हलतो आणि खर्च वाढतो. आमचा कमोड उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे किब्ल्याचा प्रश्न आला नाही. कुणाला दिशा बदलायची असेल तर ते काम सुरू होण्याआधीच ठरवावे.

भिंतीची लादी सगळीकडे सात फूट न नेता आंघोळीच्या बाजूला सात आणि बाकी चार फूट ठेवली. वीस-बावीस चौरस फूट लादी वाचली. वर ओलाव्याला टिकणारा रंग दिला. लादी मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त घेतली, कारण काही तुकडे कापण्यात जातात आणि पुढे तोच रंग मिळेलच असे नाही. फरशीला गुळगुळीत लादी स्वस्त मिळत होती, पण दादींचा पाय आठवला आणि खरखरीतच घेतली. गीझर जुनाच ठेवला, मात्र त्याचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतले. आरसा आणि कपाट दुसऱ्या यादीत गेले.

मजुरीचा दर, डेब्रिज कोण उचलणार आणि कोणते काम झाल्यावर किती पैसे द्यायचे, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. सोसायटीची परवानगी आधी घेतली.

दादींची जागा

कोपऱ्यात विटांचा एक छोटा ओटा बांधला आणि समोर वुजूसाठी नळ बसवला. उंची पुस्तकातून घेतली नाही. दादींना स्टुलावर बसवले, हात पुढे करायला लावले आणि भिंतीवर खडूने खूण केली. कमोडजवळ भिंतीत पक्का स्टीलचा दांडा बसवला. तो स्क्रू नुसत्या लादीत नव्हे, विटेत धरला पाहिजे. नळाला एअरेटर लावला, त्यामुळे धार मऊ येते आणि पाणी कमी लागते. आपले नबी (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात वुजू करत. आपण मात्र नळ सोडून बाह्या वर करत बसतो!

सगळे मिळून ९४ हजार झाले. वरचे चार हजार दोन महिने बाहेरचे खाणे बंद ठेवून भरून काढले. आरसा अजून जुनाच आहे, त्याला एका कोपऱ्यात तडा आहे. यंदाचा पावसाळा गेला, काकूंचे छत कोरडे आहे. आणि दादी फजरला उठतात तेव्हा आता कुणाला हाक मारत नाहीत. आम्हाला जाग येते ती नळाच्या आवाजाने.