सर्व्हरचे स्लॉट व पोर्ट

वीज मिळतांच संगणक आपल्या नेहमींच्या कामास लागतो, असें आपणांस वाटतें. वस्तुतः मुख्य प्रणाली जागी होण्यापूर्वीं मदरबोर्डावरील एका लहानशा चिपेंत वसणारी दुसरीच आज्ञावली उठते आणि घरांत कोण कोण हजर आहे तें पाहते. तिचें नांव बायॉस. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालींत १९७५ सालीं हें नांव प्रथम आलें. आजच्या सर्व्हरांत तिच्या जागीं यूईएफआय आली आहे. पण जुनें नांव लोकांच्या तोंडून सुटलेलें नाहीं.

स्लॉट म्हणजे जादा कार्ड बसविण्याची खांच. पीसीआय एक्सप्रेस पद्धतीच्या स्लॉटांत माहितीच्या जाण्यायेण्यासाठीं १, ४, ८ किंवा १६ मार्गिका असतात. गेल्या वर्षीं आमच्या संगणकशाळेंतील सर्व्हरमध्यें आम्हीं चार एनव्हीएमई ड्राइव्ह धारण करणारें एक कार्ड बसविलें; पण चारांपैकीं एकच दिसूं लागला. कार्ड सदोष समजून मी तें परत धाडण्याच्या बेतांत होतों. दोष मात्र माझ्या अज्ञानाचा होता. १६ मार्गिकांच्या त्या स्लॉटांत एकच उपकरण आहे असें बायॉस धरून चालला होता, आणि ड्राइव्ह तर प्रत्येकीं ४ मार्गिका मागणारे! 'बायफर्केशन' या सदरांत ४-४-४-४ अशी वांटणी निवडतांच चौघेही हजर झाले. ज्या कार्डावर स्वतःची स्विच-चिप असते, त्यास ही वांटणी लागत नाहीं. आमचें कार्ड स्वस्तांतलें होतें.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस चकविते. दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्यें कांहीं स्लॉट पहिल्याशीं व कांहीं दुसऱ्याशीं जोडलेले असतात. दुसरा प्रोसेसर बसविलाच नसेल, तर त्याच्या स्लॉटांतील कार्ड बायॉसमध्यें कितीही शोधलें तरी सांपडावयाचें नाहीं.

प्रत्येक स्लॉटापुढें 'ऑप्शन रॉम' चालू कीं बंद, असेंही विचारलेलें असतें. हा कार्डाचा स्वतःचा छोटा कार्यक्रम होय. ज्या कार्डावरून सर्व्हर सुरू व्हावयाचा, त्याचा तो चालू हवा. इतरांचा बंद केल्यास आरंभींचा थोडा वेळ वांचतो.

पोर्टांपैकीं सीरियल पोर्ट जुना, पण सर्व्हरांत अजून उपयोगी. पडद्यावरील मजकूर त्यांतून दूरच्या संगणकाकडे पाठवितां येतो. मात्र दोन्ही टोकांस वेग एकच ठेवावा, उदाहरणार्थ सेकंदास १,१५,२०० बिट. नाहींतर अक्षरांऐवजीं निव्वळ गिचमीड उमटते.

यूएसबी पोर्टांविषयीं मात्र अनुभवानेंच सांगतों. मुलांनीं पेनड्राइव्ह लावूं नयेत म्हणून मी एके सायंकाळीं सर्व यूएसबी पोर्ट बंद केले, आणि त्याच बैठकींत वेळ वांचविण्याच्या हौसेनें डिस्क-कंट्रोलरचा ऑप्शन रॉमही बंद केला. मुख्य प्रणाली त्याच कंट्रोलरच्या डिस्कवर होती! सर्व्हरास ती सांपडेना. आणि चूक दुरुस्त करावी म्हटलें तर कीबोर्डही यूएसबीचाच, तोही मुका झालेला. वार्षिक परीक्षेचे गुण त्या चार ड्राइव्हांवर होते व निकाल दुसऱ्याच दिवशीं.

शेवटीं वीज तोडून झांकण काढलें आणि पुस्तिकेंत पाहून मदरबोर्डावरील जंपर हलवून बायॉसच्या सर्व नोंदी पुसून टाकिल्या. सर्व्हर सुरू झाला. पण पाहतों तों तीन ड्राइव्ह नाहींसे! माझे डोळे पांढरे झाले. नोंदी पुसल्या गेल्या त्यांत ४-४-४-४ ही वांटणीही गेली होती, हें ध्यानांत यावयास पाऊण तास लागला. जुन्या नोंदी कागदावर उतरून ठेविल्या असत्या, किंवा बायॉसच्या प्रत्येक पानाचें नुसतें छायाचित्र घेतलें असतें, तर पांच मिनिटांचें काम होतें. वांटणी पुन्हां केली आणि रात्रीं साडेदहा वाजतां गुणपत्रकें उघडलीं. त्या पोर्टांपैकीं कीबोर्डाचा आतां चालू असतो.